शिलेखान्यांतून माजघरांत

गेल्या वैशाखांत आमच्या घरची मंडळी बदरी-केदारास निघाली. सात माणसें, त्यांत दोघे सत्तरीच्या पुढचे. त्यामुळें शिदोरीचा विचार आठ दिवस आधींपासून चालला होता. थोरल्या काकूंनीं दशम्या, मेतकूट, गूळपापडी आणि लिंबाचें गोड लोणचें अशी जय्यत तयारी केली. पुतण्यानें मात्र बाजारांतून चकचकीत पाकिटांची एक पिशवी आणून ओट्यावर ओतली. कशांत पुलाव, कशांत राजमा, कशांत पालक-पनीर. पाकीट उकळत्या पाण्यांत पांच मिनिटें बुडवावें, फोडावें आणि वाढावें, एवढाच काय तो स्वयंपाक. काकूंनीं एक पाकीट उचलून चष्म्यापाशीं धरलें, पाठीमागचा बारीक मजकूर वाचला आणि विचारलें, "हा भात कोणत्या महिन्याचा?" पाकिटावरच्या तारखेप्रमाणें तो भात माघांत शिजला होता, आणि पुढच्या कार्तिकापर्यंत खाण्यास योग्य होता. "त्यांत औषध घातलें असणार," असा निकाल देऊन काकूंनीं पाकीट खालीं ठेवलें.

औषध घातलेलें नाहीं असें पाकिटावर स्पष्ट छापलें होतें, पण छापलेल्या शब्दावर काकूंचा विश्वास कमी. त्यांच्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां मी जेथें जाऊन पोंचलों तें ठिकाण एखादें स्वयंपाकघर नसून लष्कराची प्रयोगशाळा होती. आणि तिच्याहि मागें, दोनशें वर्षांपलीकडे, एक आरमार उभें होतें. सैन्यासाठीं सरकार जें ज्ञान मिळवितें, तें सरकारच्याच इतर खात्यांना, कारखानदारांना आणि शेवटीं आपल्या घराला कसें मिळतें, कोणत्या अटींवर मिळतें, आणि कधीं कधीं मिळूनहि कां रुजत नाहीं, ह्याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाहीं. तोफांच्या आणि विमानांच्या बातम्या आपण आवडीनें वाचतों. त्या तोफांसाठीं जो कर भरला त्यांतून आणखी काय निघालें हें मात्र विचारीत नाहीं.

पदार्थ टिकविण्याची विद्या आपल्या गृहिणींस नवी नव्हे. पापड-सांडगे उन्हांत वाळल्यानें टिकतात, लोणचें मिठानें व आंबटपणानें टिकतें, मुरंबा साखरेनें टिकतो. सर्व युक्त्यांचें मर्म एकच: पदार्थ सूक्ष्म जंतूंस राहण्यास गैरसोयीचा करून ठेवावयाचा. पण तसें करतांना पदार्थ मूळचा राहत नाहीं. कैरीचें लोणचें टिकतें, कैरी टिकत नाहीं. मटारची उसळ ही उसळ म्हणूनच वर्षभर टिकवावयाची असेल तर काय करावें? हा प्रश्न ज्यानें सोडविला तो पंडित नव्हता. तो पॅरिस शहरांतील एक मिठाईवाला होता.

त्याचें नांव निकोला आपेर, जन्म १७४९ चा. फ्रान्समध्यें राज्यक्रांतीचा धुरळा अजून खालीं बसला नव्हता, अशा काळांत, म्हणजे १७९५ च्या सुमारास, त्यानें आपल्या प्रयोगांस आरंभ केला. रुंद तोंडाच्या कांचेच्या बाटल्यांत भाजी, दूध, फळें, मांस असें कांहीं भरावयाचें. बूच ठोकून घट्ट बसवावयाचें व तारेनें आवळावयाचें. मग त्या बाटल्या जाड कापडांत गुंडाळून पाण्याच्या हंड्यांत ठेवावयाच्या आणि पाणी ठराविक वेळ उकळूं द्यावयाचें. प्रत्येक पदार्थाची वेळ निराळी, आणि ती त्यानें चाखून, नासवून, फेकून देऊन ठरविली. अन्न कशानें कुजतें हें त्याला ठाऊक नव्हतें. तें सांगणारा पास्तर अजून जन्मलाहि नव्हता. कारण न कळतां कृति बिनचूक ठरविणारीं अशीं माणसें आपल्या माजघरांतहि होऊन गेलीं आहेत. त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं नाहींत, एवढाच फरक.

ह्या बाटल्यांची परीक्षा फ्रेंच आरमारानें घेतली. महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांच्या पानांत खारवलेलें मांस आणि दगडासारखीं बिस्किटें याखेरीज फारसें कांहीं पडत नसे. कांहीं महिन्यांनीं बाटल्या उघडल्या तेव्हां मटार नुकताच तोडल्यासारखा लागला, असा आरमाराच्या अधिकाऱ्यांचा अभिप्राय पडला. येथें वाचकांना वाटेल कीं आतां हें गुपित एखाद्या लष्करी दप्तरांत बंद झालें असेल. तसें झालें नाहीं.

नेपोलियननें फौजेसाठीं बक्षीस लावलें आणि आपेरनें तें जिंकलें, ही गोष्ट अनेक पुस्तकांत आढळते. ती जशीच्या तशी खरी धरतां येत नाहीं. जें खरोखर घडलें तें मला अधिक मौजेचें वाटतें. १८१० सालीं आपेरला बारा हजार फ्रँक मिळाले, पण ते युद्धखात्याकडून नव्हेत. ते अंतर्गत कारभार पाहणाऱ्या मंत्र्यानें दिले, आणि एका अटीवर दिले. आपली सर्व कृति आपेरनें पुस्तकरूपानें छापावी, छपाईचा खर्च त्यानेंच सोसावा, आणि दोनशें प्रति सरकारांत जमा कराव्या. पेटंट घेऊन ती विद्या स्वतःपुरती राखण्याचा मार्गहि त्याला मोकळा होता. त्यानें पुस्तक छापलें. प्राणिज व वनस्पतिज पदार्थ कित्येक वर्षें टिकविण्याची कला असें त्याचें भलेंमोठें नांव होतें, आणि कोणतीहि सुज्ञ गृहिणी वाचून करूं शकेल अशा बेतानें तें लिहिलें होतें.

ही अट ज्या कोणा कारकुनानें प्रथम कागदावर मांडली असेल त्याला मनांतल्या मनांत नमस्कार करावासा वाटतो. युरोपभर लढाई पेटलेली, शत्रूच्या जहाजांनीं किनारे अडविलेले, आणि अशा वेळीं सरकार स्वतःच्या आरमारास उपयोगी पडणारी विद्या पैसे देऊन चव्हाट्यावर मांडवितें! आजच्या एखाद्या संरक्षण-सचिवापुढें असा प्रस्ताव ठेवून पाहावा.

शंका काढणारे म्हणतील कीं ती विद्या शत्रूच्या हातीं गेली असेल. गेलीच. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत लंडन येथें पीटर ड्युरंड नांवाच्या गृहस्थानें ह्याच तत्त्वावर पेटंट घेतलें. ही कल्पना आपणांस परदेशांतील एका मित्राकडून कळली, असें त्यानें स्वतःच नमूद केलें आहे. कांच फुटते म्हणून त्यानें कल्हईच्या पत्र्याचीं भांडींहि पेटंटांत घातलीं. पुढें डॉन्किन व त्याचे भागीदार यांनीं तें पेटंट विकत घेऊन लंडनजवळ कारखाना काढला, आणि १८१३ पासून इंग्रज आरमारास डबे पुरविण्यास आरंभ केला. म्हणजे फ्रान्सनें पैसे दिले आणि जेवला इंग्रज. पण हिशेब तेथेंच थांबवूं नये. पुस्तक खुलें असल्यामुळें फ्रान्समध्येंहि कोणाची परवानगी न मागतां कारखाने निघूं शकले. नांत शहरीं सार्डिन माशांच्या डब्यांचा धंदा १८२० नंतरच्या दशकांत उभा राहिला आणि त्यावर समुद्रकांठचीं गांवेंच्या गांवें जगलीं. स्वतः आपेरच्या पदरांत मात्र फारसें पडलें नाहीं. नेपोलियनच्या पाडावाच्या वेळीं परकी फौजांनीं त्याच्या कारखान्याची धूळधाण केली, आणि १८४१ मध्यें तो दारिद्र्यांत वारला.

डब्यांच्या बाबतींत एक गंमत सांगण्याजोगी आहे. डबा बंद करण्याची युक्ति निघाली १८१० सालीं, आणि तो उघडण्याचें ठाकठीक हत्यार निघालें १८५० नंतर. मधलीं चाळीसएक वर्षें लोक छिन्नी-हातोड्यानें जेवण फोडीत होते. शिपायाजवळ संगीन असते, खलाशाजवळ सुरी असते, म्हणून लष्करांत कोणाचें अडलें नाहीं. अडलें तें घरांत. सैन्यासाठीं केलेली वस्तु आणि घरासाठीं केलेली वस्तु यांत असें अंतर नेहमींच असतें, आणि तें कापण्याचें काम कोणींतरी वेगळें करावें लागतें. ही गोष्ट पुढें पुन्हां येणार आहे.

आतां काकूंच्या पाकिटाकडे वळूं. पत्र्याचा डबा जड असतो, खिशांत रुततो, आणि रिकामा झाला तरी जागा तेवढीच अडवितो. म्हणून अमेरिकेच्या लष्करानें नेटिक येथील आपल्या प्रयोगशाळेंत, दोन खाजगी कंपन्यांना बरोबर घेऊन, लवचिक पाकिटाचा शोध चालविला. १९६० नंतरचीं दहा-पंधरा वर्षें त्यांत गेलीं. ह्या पाकिटाचे पदर तीन: बाहेरून पॉलिएस्टरचा, मध्यें अॅल्युमिनियमच्या वर्खाचा, आंतून पॉलिप्रॉपिलीनचा. बाहेरचा पदर ताण सोसतो, मधला हवा व उजेड अडवितो, आंतला उष्णतेनें चिकटून तोंड बंद करतो. अन्न भरून तोंड बंद केलेलीं पाकिटें मोठ्या दाबपात्रांत घालून सुमारें १२१ अंशांपर्यंत तापवितात. हा आंकडा आपल्यास अपरिचित वाटला तरी ती उष्णता आपल्या घरचीच आहे. शिटी होण्याच्या बेतांत असलेल्या कुकरमध्यें वाफ साधारण तेवढीच तापलेली असते. साध्या उकळीनें, म्हणजे १०० अंशांनीं, भागत नाहीं, कारण बोट्युलिनम नांवाच्या एका अतिविषारी जंतूचीं बीजें उकळत्या पाण्यांत तासन्‌तास तग धरतात. आंबट पदार्थांत त्याचें चालत नाहीं, म्हणून लोणच्याला त्याची भीति नसते; पण डाळ, भात, पनीर यांना असते. पाकीट डब्यासारखें गोल नसून चपटें असल्यानें उष्णता मध्यापर्यंत लवकर पोंचते, आणि कडेचें अन्न फार शिजून लगदा होण्यापूर्वींच काम आटोपतें. तेव्हां काकूंच्या भातांत औषध नव्हतें. तो भात एकदां इतका तापला होता कीं त्यांत जिवंत कांहीं उरलें नाहीं, आणि नंतर आंत शिरण्यास कोणाला वाट मिळाली नाहीं, इतकेंच.

अमेरिकन लष्कर आपल्या पाकिटाच्या चांचण्या घेत होतें तोंच जपानमधील एका कंपनीनें १९६८ सालीं अशाच पाकिटांतली करी बाजारांत आणली आणि ती जपानी घराघरांत शिरली. आपल्याकडे हें काम म्हैसुरास झालें. तेथें १९५० पासून नागरी अन्नसंशोधनाची मोठी केंद्रीय संस्था आहे, आणि १९६१ च्या डिसेंबरांत संरक्षण खात्यानें आपली वेगळी अन्नप्रयोगशाळा त्याच शहरांत काढली. पुढच्याच वर्षीं चीनशीं युद्ध झालें आणि आपले जवान किती उंचीवर काय खातात हा प्रश्न पुस्तकी राहिला नाहीं. पंधरा-सोळा हजार फूट उंचीवर पाणी ८५ अंशांच्या अलीकडेंच उकळतें. तेथें उघड्या पातेल्यांत डाळ दिवसभर ठेवली तरी शिजावयाची नाहीं, आणि तिच्यासाठीं लागणारें रॉकेल वाहून नेणें हेंच एक युद्ध. म्हणून खालीं पूर्ण शिजविलेलें आणि वर नुसतें ऊन करावयाचें अन्न हवें. म्हैसूरच्या शास्त्रज्ञांनीं आपले देशी पदार्थ पाकिटांत बसविले. महिनोन्महिने मऊ राहणारी पोळी केली, आणि १९८४ सालीं राकेश शर्मा अंतराळांत गेले तेव्हां त्यांच्याबरोबर शिऱ्यापासून पुलावापर्यंतचा फराळ ह्याच प्रयोगशाळेनें करून दिला. पोळीच्या बाबतींत मला विशेष आदर वाटतो. भात टिकविणें सोपें. दुसऱ्या दिवशींची पोळी काय होते हें ज्या घरांत पोळ्या लाटल्या जातात त्या प्रत्येक घरास माहीत आहे.

ही विद्या पुढें खाजगी धंद्यास दिली गेली. बंगलोरच्या एम.टी.आर. ह्या जुन्या उपाहारगृहाच्या घराण्यांतून निघालेल्या कंपनीनें ती घेऊन चालू शतकाच्या आरंभीं तयार पदार्थांचीं पाकिटें बाजारांत आणलीं, आणि परदेशीं शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या पेट्यांत आज तीं ठरलेलीं असतात. देण्याची रीत अशी: प्रयोगशाळा आणि कारखानदार यांच्यांत करार होतो, कारखानदार ठराविक शुल्क भरतो, त्याला कृतीचीं टिपणें मिळतात, आणि त्याचीं माणसें प्रयोगशाळेंत येऊन प्रत्यक्ष काम शिकतात. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची. कागद हातांत आल्यानें पुरणपोळी येत नाहीं, हें सासूकडून शिकलेल्या कोणाहि सुनेस विचारावें. २०१९ मध्यें संरक्षण संशोधन संघटनेनें आपलीं पेटंटें देशी कारखान्यांना विनाशुल्क वापरूं देण्याचें धोरण जाहीर केलें, तें चांगलेंच झालें. पण पेटंट म्हणजे टिपण, आणि टिपणापासून मालापर्यंतचा रस्ता ज्याच्याजवळ भांडवल आहे त्यालाच परवडतो. दाबपात्र, पाकिटांचें यंत्र, जंतूंची तपासणी करणारी खोली, एवढें उभें करण्याची ऐपत लहान शहरांतील एखाद्या महिला गृहउद्योगाला कोठून असणार? आपेरच्या पुस्तकानें चूल आणि हंडा यांवर काम भागविलें होतें. आजची विद्या तशी राहिलेली नाहीं हा तिचा दोष नव्हे, परंतु मग सरकारचें काम नुसतें पेटंट खुलें करून संपत नाहीं.

सैन्याची वस्तु घरगुती करण्याचें जें वेगळें काम म्हटलें, तें आगगाडीच्या शौचकूपांत फार स्पष्ट दिसतें. विषय जेवणाच्या गोष्टीशेजारीं बसण्याजोगा नाहीं, वाचकांनीं क्षमा करावी. लडाख आणि सियाचेनच्या थंडींत मैला कुजतच नाहीं. वर्षानुवर्षें तसाच पडून राहतो. त्यावर ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेनें, हवेवांचून जगणारे व थंडींतहि काम करणारे जंतु वापरून, मैल्याचें पाणी आणि वायु करणारी टांकी बनविली. रेल्वेनें ती घेतली. रूळांवर सांडणारी घाण हा आपल्या देशाचा जुना कलंक होता. शिवाय तिनें रूळहि गंजत. २०१९-२० पर्यंत उतारूंच्या जवळजवळ सर्व डब्यांखालीं अशा टांक्या बसल्या, आणि एका खात्याचें संशोधन दुसऱ्या खात्यानें एवढ्या मोठ्या प्रमाणावर उचलल्याचें उदाहरण आपल्याकडे विरळाच. पण २०१७ सालीं महालेखापरीक्षकांच्या अहवालांत टांक्या चोंदल्याच्या तक्रारींचा ढीग निघाला. कारण शोधण्यास फार लांब जावें लागत नाहीं. चौकीवरची टांकी पंधरा-वीस शिस्तीचे जवान वापरतात. गाडींतली टांकी वापरणारे रोज बदलतात, आणि त्यांतले कित्येक पाण्याच्या बाटल्या, कागद, गुटख्याच्या पुड्या तेथेंच टाकतात. जंतूंना गुटख्याची पुडी पचत नाहीं. प्रयोगशाळेनें सैनिक गृहीत धरला होता. रेल्वेला मिळाले आपण.

कधीं उलट असतें. वस्तु उत्तम चालते, घेणारेहि तयार असतात, पण देणाराच हात आंखडता घेतो. आज ज्या खुणेवरून रिक्षावाला आपलें घर बिनचूक गांठतो ती उपग्रहांची योजना अमेरिकेच्या संरक्षण खात्याची आहे. १९८३ च्या सप्टेंबरांत कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें व तेथील लढाऊ विमानानें तें पाडलें. २६९ माणसें मेलीं. त्यानंतर अमेरिकन अध्यक्षांनीं जाहीर केलें कीं ही योजना पुरी होतांच ती सर्व जगास फुकट वापरूं देण्यांत येईल. पण वापरूं दिली ती मुद्दाम बिघडवून. नागरिकांसाठीं सोडलेल्या खुणेंत जाणूनबुजून चूक मिसळलेली असे, आणि ठिकाण सुमारें शंभर मीटर इकडे-तिकडे दाखविलें जाई. समुद्रावर तेवढी चूक चालते. सदाशिव पेठेंत शंभर मीटर म्हणजे तीन बोळ. २००० च्या मे महिन्यांत ही भेसळ बंद केली गेली आणि एका रात्रींत जगभरचीं यंत्रें सुमारें दसपट अचूक झालीं. नवा उपग्रह कोणीं सोडला नाहीं, नवें यंत्र कोणीं घेतलें नाहीं. एक बटन दाबलें गेलें.

मी हा विषय इतक्या आस्थेनें कां लिहितों, त्याला एक घरगुती कारण आहे. २०२१ च्या चैत्रांत आमचे धाकटे काका तालुक्याच्या गांवीं एका रुग्णालयांत होते. महामारीची दुसरी लाट ज्यांनीं पाहिली त्यांना त्या दिवसांचें वर्णन नको. प्राणवायूचीं नळकांडीं भरून आणणारी गाडी दुसऱ्या जिल्ह्यांतून यावयाची, आणि ती केव्हां येईल हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. एका रात्रीं शिल्लक राहिलेलीं नळकांडीं मोजून त्यांचे तास काढण्याचें काम माझ्याकडे व दुसऱ्या एका रोग्याच्या मुलाकडे होतें. गाडी पहांटे आली. काका वांचले. त्या मुलाचे वडील दोन दिवसांनीं गेले.

त्याच महिन्यांत जी बातमी वर्तमानपत्रांत आली तिचा अर्थ मला तेव्हां नीट लागला नव्हता. आपल्या 'तेजस' लढाऊ विमानांतल्या वैमानिकासाठीं बंगलोरच्या एका संरक्षण प्रयोगशाळेनें एक योजना तयार केली होती. उंच आकाशांत हवा विरळ, म्हणून वैमानिकास प्राणवायु लागतो. तो नळकांड्यांत भरून नेण्याऐवजीं विमानांतच हवेतून वेगळा काढावा, अशी ती युक्ति. हवेंत सुमारें ७८ भाग नत्रवायु आणि २१ भाग प्राणवायु असतो. झिओलाइट नांवाचे सच्छिद्र खडे भरलेल्या नळींत हवा दाबानें सोडली कीं खडे नत्रवायूला धरून ठेवतात आणि प्राणवायु पुढें जातो. दाब कमी केला कीं खडे नत्रवायु सोडून देतात आणि पुन्हां कामास तयार होतात. अशा दोन नळ्या आळीपाळीनें चालविल्या कीं धार अखंड मिळते. ह्याच विद्येवर जमिनीवरचें मोठें संयंत्र उभें करून तें लेह-लडाख व ईशान्येकडील लष्करी ठाण्यांत आधींच चालविलें जात होतें. मिनिटास १००० लिटर प्राणवायु. पांच लिटरचा हिशेब धरला तर एका वेळीं १९० रोग्यांस पुरेल, आणि दिवसाला १९५ नळकांडीं भरतील.

लाट आली तेव्हां हें तंत्र कारखान्यांच्या हातीं सोंपविलेलें होतें, म्हणूनच मागणी नोंदवितां आली: ३३२ संयंत्रें टाटांच्या बंगलोर येथील कंपनीकडे, ४८ कोइमतूरच्या एका कंपनीकडे, शिवाय डेहराडूनच्या नागरी संशोधन संस्थेच्या पद्धतीचीं १२० निराळीं. लढाईच्या वस्तूंचा नागरी उपयोग लढाई चालू असतांना शोधूं म्हटलें तर तो सांपडत नाहीं. तो आधीं शोधून, कागद करून, कारागीर तयार करून ठेवलेला असावा लागतो.

संशोधन संघटनेची स्तुति करतांना एक दुरुस्ती केलीच पाहिजे, कारण अशा बातम्यांत सैन्यानेंच सर्व कांहीं शोधलें असा सूर लागतो. खड्यांवर दाब वाढवून-घटवून वायु वेगळे करण्याची ही रीत मुळांत एका अमेरिकन तेल कंपनीच्या संशोधकानें, स्कारस्ट्रॉम ह्यानें, १९६० च्या सुमारास पेटंट केलेली. आपेरहि शिपाई नव्हता, मिठाईवाला होता. धंद्यांतलें ज्ञान सैन्यांत जातें, तेथें सरकारी पैशानें आणि कडक कसोटीनें तें पक्कें होतें, आणि मग परत येतें. माहेरीं येणाऱ्या लेकीसारखें तें येतें. तिला आपलें घर दाखवावें लागत नाहीं, पण कोणीं आणावयास गेलें नाहीं तर तीहि आपण होऊन येत नाहीं.

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयांत असलें एक संयंत्र आलें तें भाद्रपदांत, लाट ओसरल्यावर. कोणत्या कारखान्याचें तें मी विचारलें नाहीं. पत्र्याच्या छपराखालीं, मागच्या आवारांत, तें उभें आहे. पहिले सहा महिने चालविणारा माणूस होता. मग त्याची बदली झाली आणि यंत्रावर ताडपत्री पडली. काका निवृत्त शिक्षक आहेत. रोज सकाळीं फिरावयास जातांना ते मुद्दाम त्या आवारावरून जात. खड्यांना ओल लागली कीं ते निकामी होतात, म्हणून यंत्र अधूनमधून चालवावें लागतें, हें त्यांनीं कोठूनसें वाचून काढलें, आणि मग वैद्यकीय अधिकाऱ्यांस पत्रें लिहिण्यास सुरुवात केली. पहिल्या चार पत्रांना उत्तर आलें नाहीं. पांचव्या पत्राबरोबर त्यांनीं त्या रात्रीचा माझा हिशेबाचा कागद जोडला, नळकांडें किती आणि तास किती तो. तेव्हांपासून दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं जिल्ह्याहून एक तरुण मिस्त्री येतो. काका छपराबाहेर खुर्ची टाकून बसतात आणि वहींत वेळ टिपून ठेवतात. गेल्या सोमवारीं यंत्र दोन तास चाललें. तिसऱ्या मिनिटाला दाब उतरला होता, तो झडपेचा आटा आवळल्यावर पुन्हां चढला.

यात्रेहून मंडळी सुखरूप परत आली. पाकिटांपैकीं दोन उरलीं होतीं. गुप्तकाशीस पावसानें रस्ता बंद पडला त्या रात्रीं काकूंनींहि राजमा खाल्ला म्हणे. मीठ अंमळ जास्त होतें, असें त्यांचें मत पडलें.